तारखेच्या आदल्या रात्री

पत्राचा सारांश: वाचक पन्नाशीतले, नोकरदार, तीन भावंडांत धाकटे. आईवडील शेवटची वर्षं त्यांच्याकडेच होते. आई आधी गेली, नंतर वडील. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं घर मृत्युपत्राने या धाकट्या मुलाच्या नावे केलं होतं. वडील गेल्यावर काही महिन्यांनी मोठा भाऊ आणि बहीण यांनी मिळून दावा लावला. मृत्युपत्रावरची सही वडिलांची नाही, असलीच तर ती दबावाखाली घेतलेली आहे आणि घराचे तीन समान वाटे व्हावेत, असं त्यांचं म्हणणं.

वाचक लिहितात: “दाव्याला चौथं वर्ष लागलंय. तारखेच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तारीख नसते तेव्हाही रात्री दोन-तीनला उठून मोबाइलवर केस स्टेटस बघतो. आपण नसताना काही विपरीत होईल या भीतीने प्रत्येक तारखेला रजा टाकून जातो. वकील पाच मिनिटंही धड बोलत नाहीत. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी दूर जायचं होतं, तिला म्हटलं, आधी निकाल लागू दे. घरात दुसरा विषय नाही. बायको म्हणते, त्यांना काय हवं ते देऊन टाका, पण हे थांबवा. मला ते जमत नाही. तडजोड केली तर सही खोटीच होती असं सगळे म्हणतील. निकाल लागेपर्यंत मला शांतता नाही. मी काय करू?”

नमस्कार.

तुमचं पत्र तारखांनी भरलेलं आहे. समोरच्या वकिलांनी कधी मुदत मागितली, न्यायाधीश कधी रजेवर होते, कोणता अर्ज कधी दाखल झाला, सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. बहिणीबद्दल मात्र त्यात एकच वाक्य आहे: “वादी क्रमांक दोन म्हणून तिचं नाव वाचलं आणि पुढचं काही वाचता आलं नाही.” तारखांबद्दल बोलूच, पण मला आधी या वाक्यापाशी थांबायचं आहे.

मी वकील नाही. पुढे कायद्याचं जे सांगेन ते सर्वसाधारण स्वरूपाचं आहे. तुमच्या दाव्याला ते कितपत लागू पडतं, हे तुमच्या वकिलांकडून पक्कं करून घ्या.

तुम्ही घाबरट नाही, एवढं आधी सांगते. लर्नेड हँड नावाचे अमेरिकेतले नामवंत न्यायाधीश होते. १९२१ साली वकिलांपुढे बोलताना ते म्हणाले होते की पक्षकार म्हणून मला आजारपण आणि मृत्यू सोडले तर खटल्याइतकी धास्ती जवळपास दुसऱ्या कशाचीच वाटणार नाही. ज्यांचं आयुष्य कोर्टात गेलं त्यांना जर असं वाटत होतं, तर ज्याने याआधी कोर्टाची पायरीही चढली नव्हती त्याची झोप उडाली यात नवल नाही.

मला वाटतं, तुमच्यावर दोन दावे चालू आहेत. एक कोर्टात आहे. त्यातला प्रश्न अगदी अरुंद आहे: हा कागद कायद्याच्या कसोटीवर मृत्युपत्र म्हणून सिद्ध होतो की नाही? दुसरा दावा रात्री तुमच्या अंथरुणात चालतो. मी आईवडिलांचं नीट केलं की नाही, भावाबहिणीला माझ्याबद्दल असं का वाटलं, लोक मला काय समजत असतील. या दुसऱ्या प्रश्नांची सुनावणी कुठल्याही कोर्टाच्या बोर्डावर लागत नाही. तुम्ही मात्र त्यांची उत्तरं पहिल्या दाव्याच्या निकालात शोधता आहात. म्हणून पुढे ढकललेली प्रत्येक तारीख तुम्हाला तुमच्या खरेपणाची टांगणी वाटते.

दाव्याची प्रत तुम्ही नातेवाइकाचं पत्र वाचावं तशी वाचली. साहजिक आहे, पण ती त्या भाषेत लिहिलेलीच नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे फसवणूक किंवा दबाव असा मुद्दा घ्यायचा असेल तर तो तपशिलासह दाव्यातच मांडावा लागतो, मोघम लिहून चालत नाही. मृत्युपत्राला आव्हान देणारा वकील म्हणूनच सही खोटी, दबावाखाली घेतलेली, वडिलांची मनःस्थिती ठीक नव्हती, असे सगळे मुद्दे एकापाठोपाठ घालतो. पुढे एखादा राहून गेला असं व्हायला नको असतं. तुमच्या बाबतीत दोन मुद्दे एकमेकांना छेदतात, हेही पाहा. सही वडिलांची नाहीच, आणि असेल तर दबावाखाली. राग मनात धरून बोलणारी बहीण असं बोलत नाही. ही मसुद्याची भाषा आहे. तिने त्याखाली सही केली आहे आणि त्या सहीची जबाबदारी तिची आहेच, ती मी पुसत नाही. पण त्यातलं प्रत्येक वाक्य तिच्या तोंडून निघालं, असं धरून तुम्ही चार वर्षं जळता आहात. ते बहुधा खरं नाही.

दुसरी गोष्ट. मृत्युपत्र सिद्ध करायचा भार, ते ज्याला वापरायचं असतं त्याच्यावर असतो. भारतीय उत्तराधिकार कायद्याने (१९२५) मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि पुरावा कायद्याप्रमाणे, वाद झाला की, त्यातला निदान एक, हयात आणि उपलब्ध असेल तर, कोर्टात उभा करावा लागतो. त्यापुढे जाऊन वेंकटाचल अय्यंगार यांच्या गाजलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मृत्युपत्रात ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच ते करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयाची जागा मानून तो संशय त्यानेच दूर करायचा. यावर आता सहा दशकं उलटून गेली. म्हणजे वडिलांना तुम्ही नोंदणी कार्यालयात नेलं होतंत का, त्यांचा हात थरथरत होता का, तेव्हा खोलीत कोण होतं, हे प्रश्न तुमच्यासाठी कुणी नव्याने काढलेले नाहीत. आईवडिलांची मनापासून सेवा केलेल्या मुलालाही कोर्ट हेच विचारतं. तुमच्यावर कुणी डाग ठेवलेला नाही. कायदा मृत माणसाच्या इच्छेची पडताळणी करतो, कारण ती सांगायला तो माणूस आता येऊ शकत नाही.

आता “निकाल लागेपर्यंत शांतता नाही” या तुमच्या वाक्याकडे येते. यावर तुम्ही फार मोठी पैज लावली आहे आणि ती तुमच्या विरोधात जाणारी आहे, म्हणून थोडं खोलात जाते.

समजा निकाल तुमच्या बाजूने लागला. त्यात लिहिलेलं असेल की मृत्युपत्र सिद्ध झालं, दावा फेटाळण्यात येत आहे, खर्चाबाबत अमुक हुकूम. वडिलांना औषधं वेळेवर कोण द्यायचं, रात्री त्यांच्या उशाशी कोण बसायचं, यातलं एक अक्षरही त्यात नसेल. भाऊ आणि बहीण तो निकाल वाचून “आम्ही चुकलो” म्हणतील, असं तुम्हाला खरंच वाटतं का? जास्त शक्यता अशी की ते वरच्या कोर्टात जातील. आणि निकाल विरोधात गेला तर तुम्ही जाल. पहिल्या निकालाने असे वाद मिटतातच असं नाही. वाटणीचा हुकूम झाला तरी आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, मग प्रत्यक्ष वाटे पाडण्याची वेगळी कार्यवाही आणि अंतिम हुकूमनामा. तुम्ही ज्या एका दिवसाची वाट बघताय, तसा एकच दिवस या प्रक्रियेत नाही. हे ऐकून निराश व्हावंसं वाटेल. पण हेच कारण आहे की शांततेची व्यवस्था तुम्हाला निकालापासून वेगळी लावावी लागेल, आणि ती आत्ताही लावता येते.

त्यासाठी वाईटात वाईट काय होईल, ते आकड्यात मांडा. रात्री दोनला माणसाला “सगळं जाईल” असं वाटतं. तुमच्या दाव्यात सगळं जाऊ शकत नाही. घर वडिलांच्या स्वकष्टाचं, आई हयात नाही, वारस तीन मुलं. मृत्युपत्र टिकलं नाही तर हिंदू वारसा कायद्याच्या (१९५६) नियमाने तिघांना सारखा वाटा मिळतो, मुलगा-मुलगी असा फरक न करता. म्हणजे हरलात तरी एक तृतीयांश तुमचा. त्या दोन तृतीयांशांची रक्कम काय होते, ती भावंडांना देऊन घर ठेवता येईल का, कर्ज किती काढावं लागेल, की घर विकून दुसरीकडे जाणं परवडेल, हे दिवसा उजेडी, पत्नीला शेजारी बसवून, कागदावर उतरवा. उत्तर सुखाचं नसेल. पण त्याला काठ असेल. भीतीला काठ नसतो म्हणून ती झोपू देत नाही.

आता रात्रीचा मोबाइल.

रात्री केस स्टेटस बघून दाव्यात काही बदलत नाही. तुमच्या दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक (सीएनआर) ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये घातला की पुढची तारीख आणि मागचे हुकूम दिसतात, ही मोठी सोय आहे. पूर्वी त्यासाठी कारकुनामागे हिंडावं लागायचं. पण ही सोय तुमच्यासाठी जखमेवरची खपली काढण्यासारखी झाली आहे. ॲप उघडून तुम्ही माहिती घेत नाही, स्वतःला खात्री देता की मी सावध आहे. तुमच्या मनात कुठेतरी बसलं आहे की काळजी सोडली तर दावा हातचा जाईल. काळजी करणं आणि दाव्याचं काम करणं या दोन गोष्टी अजिबात एक नाहीत. साक्षीदाराचा पत्ता शोधणं, वडिलांची बँकेतली जुनी सही असलेली कागदपत्रं काढणं, त्या वर्षांतले डॉक्टरांचे कागद लावून ठेवणं, हे काम. छताकडे बघत समोरच्या वकिलाला मनातल्या मनात उत्तरं देणं, ही काळजी. तिचा कोर्टाला उपयोग नाही.

टॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये सहकाऱ्यांसह एक साधा उपाय तपासला होता. काळजीला दिवसातली ठरलेली अर्ध्या तासाची वेळ आणि ठरलेली जागा द्यायची. एरवी विचार आला की टिपून ठेवायचा आणि “तुझी वेळ संध्याकाळी” म्हणून पुढे ढकलायचा. हे वाचायला बाळबोध वाटतं, पण करून बघा. विचार करू नकोस असं मनाला सांगितलं तर ते ऐकत नाही, नंतर कर म्हटलं तर बरेचदा ऐकतं. ही वेळ झोपेच्या जवळ ठेवू नका आणि जागा अंथरूण नको. दाव्याची फाइल झोपायच्या खोलीत असेल तर ती आजच बाहेर काढा. ॲप आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दिवसाच. तेही तुम्हाला जड जात असेल तर पत्नी किंवा एखाद्या विश्वासू मित्राकडे ते काम द्या आणि तुमच्या मोबाइलमधून ॲप काढून टाका. कुठलीही तारीख त्यामुळे चुकणार नाही.

मनात जे साचलं आहे त्यासाठी आणखी एक गोष्ट सुचवते. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात लोकांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वात वेदनादायक गोष्टीबद्दल मोकळेपणाने लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत अशा लोकांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. तुम्ही बहिणीबद्दल लिहा. दाव्याबद्दल नको, बहिणीबद्दल. ते कुणाला दाखवू नका, फाइलला लावू नका, लिहून झाल्यावर फाडून टाकलंत तरी चालेल.

प्रत्येक तारखेला जाण्याबद्दल. तुम्ही वकीलपत्र दिलं आहे, म्हणजे तुमच्या वतीने हजर राहायचा अधिकार वकिलांना आहे. पक्षकाराने स्वतः असणं गरजेचं असतं ते मुख्यतः त्याचा पुरावा असतो तेव्हा, किंवा कोर्टाने वा मध्यस्थाने बोलावलेलं असतं तेव्हा. बाकी बऱ्याच तारखा कुणाची तरी कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), कुणाचा तरी अर्ज, कुणाची तरी मुदत यातच जातात. देशातल्या जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या कोर्टांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. तुमची तारीख पुढे गेली ती तुमच्याविरुद्ध कुणी काही केलं म्हणूनच, असं समजू नका. हो, समोरचे मुद्दाम वेळ काढत असतील तर त्यालाही सीमा आहे. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असं संहितेत लिहिलं आहे. न्यायालयं अपवाद करतात, पण खर्च बसवा अशी मागणी तुमचे वकील करू शकतात. प्रत्येक तारखेआधी त्यांच्याकडे किंवा त्यांच्या ज्युनिअरकडे तीनच गोष्टी विचारा: ही तारीख कशासाठी आहे, मी यायलाच हवं का, आणि त्याआधी मी काय द्यायचं आहे. हे लेखी मेसेजवर विचारा. पाच मिनिटं न बोलणारा वकील एका ओळीचं उत्तर बहुतेक वेळा देतो.

वकिलांबद्दल तुमची तक्रार मला अर्धी पटते. दाव्याची स्थिती, पुढचा टप्पा, धोके आणि खर्च समजून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ते सांगायलाही वेळ मिळत नसेल तर वकील बदलण्याचा विचार जरूर करा. मात्र पुराव्याच्या ऐन तोंडावर नको. पण पत्रावरून वाटतं की तुम्हाला त्यांच्याकडून “तुम्ही बरोबर आहात” हे ऐकायचं असतं. ते देणं त्यांचं काम नाही आणि जो वकील ते उदारपणे देतो त्याच्यापासून जपून राहा. धीर देणारं माणूस वेगळं शोधा. आणि ओळखीपाळखीत दाव्याची चर्चा करणं बंद करा. प्रत्येकाकडे कुणाच्या तरी वीस वर्षं चाललेल्या दाव्याची गोष्ट असते आणि ती ऐकून तुमची एक रात्र जाते.

मुलीला जाऊ द्या. या बाबतीत मी पर्याय मांडत बसणार नाही. तिच्या प्रवेशाचा आणि दाव्याचा काही संबंध नाही. तिच्या शिक्षणाचे पैसे त्या घरात अडकलेले नसतील तर तिला थांबवायला तुमच्याकडे कारणच नाही. आणि अडकलेले असतील तर शैक्षणिक कर्जाची चौकशी या आठवड्यात करा. भावंडांनी तुमच्याकडून जे मागितलं ते घर आहे. मुलीची वर्षं त्यांनी मागितलेली नाहीत, ती तुम्ही आपण होऊन देताय.

पत्नीचं “देऊन टाका” हे वाक्य तुम्हाला पराभव पत्करण्याचा सल्ला वाटतो. मला त्यात वेगळं ऐकू येतं. सासूसासऱ्यांचं तिनेही केलं असणार, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. आरोप तुमच्यावर झाला पण तो तिच्याही घरात घुसला. ती घर सोडायला सांगत नाही, तुम्हाला परत मागते आहे. तिच्याशी एक ठरवा: दाव्याबद्दल आठवड्यातून एक दिवस बसून बोलायचं, तेव्हा तिचंही पूर्ण ऐकायचं, आणि बाकीच्या दिवशी जेवताना तो विषय काढायचा नाही. मोडलात तर पुन्हा सुरू करा.

बहिणीला फोन करावा का? रागात असताना अजिबात नाही. रात्री तर मुळीच नाही. मोबाइलवर पाठवलेला मेसेज, आवाजाचं रेकॉर्डिंग, कौटुंबिक ग्रुपवरची चिडून टाकलेली ओळ, हे सगळं योग्य रीतीने सादर केलं तर पुरावा म्हणून कोर्टात येऊ शकतं. “घ्या एकदाचं घर” असं वैतागून लिहिलेलं वाक्य उलटतपासणीत तुमच्यापुढे ठेवलं जाईल. दाव्याबद्दल तिच्याशी थेट काही बोलायचं असेल तर आधी वकिलांना विचारा. पण तिच्या तब्येतीची चौकशी करायला, तिच्या घरच्या बऱ्यावाईटात उभं राहायला कुठल्या कोर्टाने मनाई केलेली नाही. तेवढं जमलं तर करा. नाही जमलं तरी चालेल, चार वर्षांत तुम्हीही खूप सोसलं आहे.

तुमचा पुरावा आता जवळ आला आहे, म्हणून उलटतपासणीबद्दल थोडं. समोरचे वकील खोचून विचारतील. ते त्यांचं काम आहे आणि त्यांच्या आवाजाची पट्टी म्हणजे न्यायाधीशांचं मत नव्हे. प्रश्न पूर्ण ऐका. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, आठ-दहा वर्षांपूर्वीची वेळ-वार कुणालाच आठवत नाही. समजलं नसेल तर पुन्हा विचारायला सांगा. खरं बोलणाऱ्या माणसाला मोठी ओढ असते ती सगळं समजावून सांगण्याची, आणि त्यातच तो अडकतो. सरतपासणीच्या, म्हणजे तुमची बाजू सांगणाऱ्या, प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी ते शांतपणे, शब्दन् शब्द वाचा. ज्या वाक्याबद्दल तुमची खात्री नाही ते बदलून घ्या. त्या दिवशीची भीती निम्म्याने तिथेच कमी होईल.

शरीराकडे दुर्लक्ष करू नका. महिनोन्महिने झोप मोडते आहे, म्हणजे रक्तदाब, साखर तपासून घ्यायला हवी. छातीत धडधड, सतत चिडचिड, कशातच मन न लागणं, जगण्याचा कंटाळा, यातलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जाणं अवघड वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन विनामूल्य आहे. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, आजच घरच्यांना सांगा आणि फोन करा.

हे वाचणाऱ्यांत तुमच्या उलट वागणारेही असतील. तुम्ही फाइलीला चिकटून बसलात, काहीजण भीतीने पाकीटच उघडत नाहीत. त्यांच्यासाठी सांगते, दिवाणी दाव्याचं समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत कैफियत द्यायची असते आणि कोर्टाने परवानगी दिली तर नव्वद दिवसांपर्यंत. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल होऊ शकतो. पाकीट उघडायला हात धजत नसेल तर दुसऱ्याला उघडायला सांगा, पण उघडा. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कोठडीत असलेले लोक यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा आणि तालुका कोर्टात त्यांचं कार्यालय असतं, १५१०० वर फोन करूनही चौकशी करता येते. आणि प्रकरण फौजदारी असेल, घरात मारहाण किंवा धमक्या असतील, तर “ताण कमी घ्या” हा सल्ला आधी लागू होत नाही. आधी सुरक्षितता आणि वकील.

शेवटी तडजोडीचं, कारण तुम्ही तिथेच अडून बसला आहात.

तडजोड म्हणजे सही खोटी असल्याची कबुली, हे तुमचं गृहीतक आहे. कायद्यात तसं काही नाही. कोणत्याही पक्षाने कुठलाही आरोप मान्य केलेला नाही, असं तडजोडपत्रात स्पष्ट लिहिता येतं. त्याहून पुढे जाऊन, मृत्युपत्राबद्दलचे आरोप वादी मागे घेत आहेत, अशी अट तुम्ही घालू शकता. तुम्हाला जे ऐकायचं आहे त्याच्या सर्वात जवळ जाणारं वाक्य निकालात मिळण्यापेक्षा तडजोडीत मिळण्याची शक्यता जास्त आहे, कारण ते तुम्ही मागू शकता. मध्यस्थीत बोललेलं गुप्त राहतं. बोलणी फिसकटली तर तिथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून येत नाही. म्हणून जाऊन बघण्यात तोटा नाही. लोकअदालतीत मिटलं तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. हे सारं चालू दाव्यातही करता येतं, वकिलांनी नुसता अर्ज द्यायचा असतो.

मिटवाच, असं मी म्हणत नाही. वडिलांची इच्छा राखायची म्हणून शेवटपर्यंत लढायचं ठरवलंत तर तोही मानाचा निर्णय आहे, फक्त तो लोक काय म्हणतील या धाकाने झालेला नको. मध्यस्थीला जायचं ठरलं तर आधी पत्नीबरोबर बसून तीन गोष्टी लिहून ठेवा: कोणता वाटा किंवा रक्कम देणं झेपेल, त्याच्या बदल्यात कोणतं वाक्य कागदावर हवं, आणि कुठल्या रेषेपलीकडे तुम्ही जाणार नाही. तो कागद वकिलांना दाखवा. समोरून पहिल्याच बैठकीत काही आलं तर तिथे हो किंवा नाही म्हणू नका, विचार करायला वेळ मागा. तो मिळतो.